पोटातले शेअर

कंपनीचा एका शेअरमागचा नफा काढणं हे माझं काम आहे. कागदोपत्री त्याला प्रति भाग उत्पन्न म्हणतात, आम्ही ऑफिसात ईपीएस म्हणतो. लोकांना वाटतं काहीतरी मोठं गणित असणार. काही नाही. वर नफा ठेवायचा, खाली शेअर ठेवायचे आणि भागायचं. चौथीतलं पोर करेल. अवघड असतं ते खाली नेमकं काय ठेवायचं हे ठरवणं, आणि त्याहून अवघड असतं ते आलेलं उत्तर कुणाला ऐकायला लावणं. पहिलं मला बीडच्या कॉलेजात शिकवलं. दुसरं शिकवणारं कॉलेज मला अजून सापडलेलं नाही.

कंपनी म्हटलं की काचेची इमारत डोळ्यांपुढे आणू नका. आमची कंपनी म्हणजे चौसाळ्याजवळ हायवेला लागून एक पत्र्याचं शेड, दोन खोल्या आणि एक वजनकाटा. शेळ्यामेंढ्या विकत घ्यायच्या, कापून, थंड करून मोठ्या शहरांत पाठवायच्या, हा धंदा. शेअरहोल्डर कोण, तर पाटोदा, चौसाळा आणि मागाहून आलेले उमापूरकडचे मेंढरंवाले. म्हणजे माझाच गोतावळा. माझे वडील, आबा, सगळा जन्म मेंढरांमागं चालले. त्यांच्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मला कौतुकानं कमी आणि टोमण्यानं जास्त ऐकवलं जातं.

कंपनी निघाली ती त्या वजनकाट्यासाठी. त्याआधी बाजारात व्यापारी यायचा, बोकडाच्या कमरेवर हात दाबायचा, तोंड वाकडं करायचा आणि रुमालाखाली दुसऱ्या व्यापाऱ्याची बोटं धरून भाव ठरवायचा. बोकड आपलं, पण भाव दोन परक्या हातांत, तोही झाकलेला. काट्यावर जनावर उभं राहिलं की आकडा सगळ्यांना दिसतो. म्हणून कंपनीच्या पहिल्याच ठरावात लिहिलं होतं की खरेदी वजनावरच होईल. हा ठराव बदलायला सभेत बहुमत लागतं आणि बहुमत मेंढरंवाल्यांचं होतं. चार लाख शेअरांपैकी तीन लाख आमच्या लोकांचे, एक लाख चेअरमनच्या घरचे.

चेअरमन जमीनदार घरातले. जिल्ह्याच्या राजकारणात त्यांचं वजन आहे. त्यांच्याशिवाय बँकेनं दारात उभं केलं नसतं, परवानाही मिळाला नसता, हे खरंच आहे आणि तेही ते आम्हाला विसरू देत नाहीत. बोलायला गोड. आमच्या लोकांत मांडी घालून भाकरी खातात. ती भाकरी आम्हाला पुढं फार महाग पडली.

शेडला शीतगृह बांधायचं ठरलं तेव्हा पैसे कमी पडले. चेअरमनच्या मुलाच्या फर्मनं पंचेचाळीस लाख दिले, आणि कंपनीनं त्या बदल्यात डिबेंचर दिले. डिबेंचर म्हणजे कर्जाचाच कागद, त्यावर दरवर्षी व्याज जातं. पण या कागदात एक वाक्य जास्तीचं होतं. मुदत संपली की कंपनीनं एक तर रोख परत करायचे, नाही तर दहा रुपयाला एक या दरानं शेअर द्यायचे, आणि कोणतं करायचं ते वार्षिक सभेनं तीन चतुर्थांश मतांनी ठरवायचं. डिबेंचर मंजूर झाले त्या सभेला हजर असलेल्या कुणालाही विचारा, त्या दिवशी काय झालं. सांगतील, बुंदी चांगली होती.

मुदत संपण्याच्या वर्षी मी ईपीएस काढायला बसले. नफा एकवीस लाख. शेअर चार लाख, पण उमापूरकरांचे एक लाख वर्षाच्या मध्यावर आलेले. जो पैसा सहाच महिने कंपनीत होता त्याचे शेअर वर्षभराचे धरायचे नसतात, म्हणून ते पन्नास हजार धरले. याला भारित सरासरी म्हणतात. खाली आले साडेतीन लाख. एकवीस भागिले साडेतीन, सहा रुपये. हा झाला बेसिक ईपीएस. गोठ्यात आज जेवढी जनावरं उभी आहेत त्यांच्यात चारा वाटला तर प्रत्येकाला किती, एवढंच तो सांगतो.

डायल्यूटेड ईपीएस त्याच्या पुढचं विचारतो. जे शेअर अजून जन्मले नाहीत, पण जन्मू शकतात, ते आज जन्मले असते तर? पंचेचाळीस लाखांचे साडेचार लाख शेअर झाले असते. तसे झाले असते तर डिबेंचरवरचं व्याज द्यावं लागलं नसतं, म्हणून कर वजा जाता वाचणारे तीन लाख नफ्यात परत मिळवायचे. वर चोवीस, खाली आठ. तीन रुपये.

सहाचे तीन. मी ते पुन्हा करून पाहिलं, कारण इतकी सोपी उत्तरं खऱ्या हिशेबात येत नसतात. चुकलं काहीच नव्हतं. वर्षाला सहा रुपये कमावणारा शेअर चेअरमनच्या घरात दहा रुपयाला जाणार होता. आणि पैशाचं सोडा. उमापूरकरांचे पुरे धरले तर होणाऱ्या साडेआठ लाखांत आमच्या लोकांचे तीनच लाख राहणार होते. म्हणजे बहुमत जाणार, आणि ते गेलं की वजनाचा ठराव बदलायला त्यांना एक दुपार पुरली असती. ताळेबंदाच्या एवढ्या चळतीत ही गोष्ट उघडपणे सांगणारी ओळ एकच होती, आणि ती मी टाइप केली होती.

ऑडिटर बीडहून आले. सभ्य माणूस, चहात साखर न घेणारा. त्यांनी ती ओळ वाचली आणि पेनानं सरळ खोडली.

"ही लागत नाही," ते म्हणाले. "आपली कंपनी लहान आहे. लहान कंपनीला डायल्यूटेड ईपीएस दाखवण्यातून सूट आहे."

"पण आकडा बरोबर आहे ना, सर?"

"बरोबर आहे की. म्हणून तर म्हणतो, दाखवायची गरज नाही."

ते थट्टा करत नव्हते. नियम खरोखरच तसा आहे, मी तो नंतर शोधून वाचला. लहान कंपन्यांना हिशेबाचा ताप कमी व्हावा म्हणून कुणीतरी दयाळूपणे केलेला. ज्या कंपन्यांच्या शेअरहोल्डरांना वकील, सल्लागार, सगळं काही असतं त्यांना हा आकडा छापून मिळतो, आणि ज्यांच्याजवळ काहीच नसतं त्यांना त्याची सूट मिळते. ही असली माया आमच्या वाट्याला नेहमीच भरपूर येत आली आहे. अहवाल छापून आला. त्यात एकच ईपीएस होता, सहा रुपये, ठळक अक्षरात.

मग मी ठरवलं की तोंडानं सांगायचं. सभेच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी आमच्या वाडग्यापाशी भावकीतले आठदहा जण बसले होते. वाडगं म्हणजे मेंढरं कोंडायचं काटेरी कुंपण. कोकरं आयांना लुचत होती. मी म्हटलं, यांना शेअरचं नको, मेंढरांचंच सांगू.

"असं बघा," मी म्हणाले, "आज वाडग्यात मेंढरं किती हायत ते तुमी मोजता. पण यातल्या गाभण किती? त्यांच्या पोटातलं उद्या बाहेर आलं की चारा कमी पडंल का न्हाई?"

माझे चुलते लगेच म्हणाले, "पोटातलं मोजू नये, माय. नजर लागती."

हे मला माहीत असायला हवं होतं. आमच्यात गाभण मेंढी एकच मोजतात. तिच्या पोटावरून हात फिरवून एक का दोन असं कुणी बोललं तर म्हातारी माणसं भर बाजारात त्याला शिव्या घालतात. जन्मेपर्यंत पोटातल्याचं नाव काढायचं नाही, संख्या तर नाहीच. मी नेमकं तेच तोंडातून काढलं होतं.

"न्हाई मोजत," मी म्हणाले. "एवढंच ध्यानात घ्या, का कंपनीच्या पोटात साडेचार लाख शेअर हायत."

"मंग चांगलंच हाय की," एक म्हातारा खुशीत म्हणाला. "कंपनी गाभण हाय म्हन की."

"कोकरं आपली न्हाईत, बाबा. मेंढी आपली, चारा आपला, कोकरं सगळी चेअरमनची."

"आसं कुटं आसतंय व्हय?" म्हातारा म्हणाला आणि सगळे हसले. मेंढरं दुसऱ्याला सांभाळायला दिली तर कोकरं निम्मी निम्मी होतात. आमच्याकडचा जुना रिवाज आहे, आणि तो मोडणाऱ्याला कुणी पुन्हा जनावर देत नाही. मेंढी एकाची आणि कोकरं सगळीच्या सगळी दुसऱ्याची, हे त्यांच्या डोक्यात शिरेना, कारण त्यांच्या जगात इतका नालायकपणा कुणी केलेलाच नव्हता. मी कागदावरचा नियम सांगत होते आणि ते मला माणसातली रीत सांगत होते.

आबा कडेला बसून दोरी वळत होते. एकदाच बोलले. "आन हात वर न्हाई केला तर?"

"तर त्येला रोख परत द्यावं लागंल. हप्ते पाडून. दोनतीन वर्सं आपल्याला लाभांश मिळायचा न्हाई. पर कंपनी आपली ऱ्हाईल, काटा ऱ्हाईल."

त्यांनी मान हलवली आणि दोरी वळायला लागले. मला हायसं वाटलं. आमच्या भावकीत आबा वडील. सभेत हात वर करायची वेळ आली की सगळे आधी त्यांच्याकडे बघतात. त्यांचा हात वर गेला की सगळ्यांचे जातात, मांडीवर राहिला की सगळ्यांचे मांडीवर. याला मी लहानपणापासून अडाणीपणा म्हणत आले. त्या दिवशी पहिल्यांदा मला तो बरा वाटला, कारण एकाच माणसाला समजावलं की काम होणार होतं आणि तो माणूस माझा बाप होता.

सभा शेडमध्येच झाली. मंडप, सतरंज्या, मागच्या बाजूला कढया. चेअरमननी सहा रुपये ईपीएस वाचून दाखवला तेव्हा टाळ्या पडल्या. मग ते ठरावाकडे वळले. हात जोडून म्हणाले, "मंडळी, मी कागदाची भाषा बोलनार न्हाई. आपल्या भाषेत सांगतो. आपली कंपनी आज गाभण हाय."

शेड हसण्यानं आणि टाळ्यांनी दणाणलं. मी मागं लॅपटॉप घेऊन बसले होते. वाडग्यापाशी बोललेलं कुणीतरी त्यांच्यापर्यंत पोचवलं होतं, आणि त्यांनी त्यातलं अर्धंच उचललं होतं.

"रोख परत द्यायचं म्हंजे गाभण मेंढी कसाबाला देन्यासारखं हाय," ते पुढं म्हणाले. "कोन दील? शेअर होऊ द्या. कळप वाढू द्या."

मी उभी राहिले. म्हटलं, "सहा रुपये हा एकच आकडा नाही. हे शेअर दिले तर सहाचे तीन होतात. आणि बहुमत जातं. मी स्वतः काढलंय."

चेअरमन अजिबात रागावले नाहीत. माझ्याकडे कौतुकानं पाहत त्यांनी विचारलं, "कुटं छापलंय का ते, बाई?"

छापलेलं नव्हतं. सगळ्यांनी आपापला अहवाल उलटून बघितला, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनीही बघितला.

"लेकरू हुशार हाय," चेअरमन सभेला म्हणाले. "लई शिकलंय. जे झालंच न्हाई त्येचा बी हिसाब करतंय." पुन्हा हशा. मागून एक जण दुसऱ्याला म्हणाला, "पोटातलं मोजतीय, कावून ते तिलाच ठावं."

मग ठराव मतांना टाकला. मी आबांकडे बघत होते. चुलतेही त्यांच्याकडेच बघत होते, सगळी भावकी बघत होती. आबांनी समोर पाहत सावकाश हात वर केला. लगेच चुलत्यांचा गेला, मग वाऱ्यानं ज्वारी हलावी तसे सगळ्यांचे गेले. ठराव एकमतानं मंजूर झाला. त्यानंतर जेवणं झाली. मी जेवले नाही, आणि त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

मला आबांचा इतका राग आला की मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. आयुष्यभर जनावरं राखली आणि एका भाषणाला भुलले, असं मी आईला दहा वेळा ऐकवलं असेल. पंधरवड्यानं चेअरमननी मला केबिनमध्ये बोलावलं. तोवर मी अकरा महिन्यांच्या करारावर होते, दर वर्षी महिनाभर घरी बसायचं आणि पुन्हा रुजू व्हायचं. ते म्हणाले, "या महिन्यापासून तुम्ही कायम." मी चकित झाले. भर सभेत मी त्यांना तोंड दिलं होतं. घरी येताना मी मनात अशी समजूत करून घेतली की माणूस माझ्या हिशेबाला वचकला. त्या समजुतीवर मी बरेच महिने ताठ मानेनं वावरले. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

पुढं जे व्हायचं ते झालं. साडेचार लाख शेअर निघाले. पुढच्या हिवाळ्यात खास सभा झाली, वजनाचा ठराव उठला. काटा दुरुस्तीला म्हणून गेला. खरेदी कमिशनवाल्यांकडे दिली, आणि कमिशनवाले म्हणजे तेच जुने व्यापारी, फक्त आता कंपनीच्या टोप्या घातलेले. ईपीएस पहिल्या वर्षी अर्धवटच घसरला, कारण नवे शेअर वर्षाच्या मध्यावर आले होते आणि भारित सरासरीनं ते निम्मेच मोजले गेले. दुसऱ्या वर्षी पुरता घसरला, तीनलाही पोचला नाही. आता बेसिक आणि डायल्यूटेड एकच येतात. पोटात काही उरलेलं नाही.

एका गुरुवारी आबा बोकड घेऊन शेडवर आले. माझ्या खिडकीतून दिसत होतं. व्यापाऱ्यानं बोकडाच्या कमरेवर हात दाबला, तोंड वाकडं केलं, शेजारच्याच्या रुमालाखाली हात घातला. आबा दोर धरून उभे राहिले. मिळाले ते पैसे मोजले नाहीत, तसेच बंडीच्या खिशात घातले. संध्याकाळी घरी गेल्यावर माझा तोल सुटला. एवढे दिवस गिळलेलं सगळं मी त्यांच्या अंगावर फेकलं. म्हटलं, "न समजता हात वर केला, आता भोगा. मी एवढं उरस्फोड करून सांगितलं, तुमच्या टकुऱ्यात शिरलंच न्हाई."

आबा चुलीपाशी बसले होते. वर न बघता म्हणाले, "शिरलं न्हाई आसं कोन म्हनलं तुला?"

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"सहाचं तीन व्हनार, काटा जानार, समदं कळलं व्हतं. तू चांगलं सांगितलं व्हतंस. सभंच्या आदल्या दिशी त्यो चेअरमन रानात आलता, मी मेंढरं चारत व्हतो तितं. म्हनला, तुमचा हात वर आला तर पोरगी कायम. न्हाई आला तर दुसऱ्या दिशी घरी." त्यांनी लाकूड आत सारलं. "मी लई इचार न्हाई केला."

आई भाकरी थापायची थांबली नाही. म्हणजे तिलाही माहीत होतं. मला काहीतरी बोलायचं होतं, ओरडायचंही होतं, पण कुणावर ते कळेना. ज्या नोकरीच्या जोरावर मी या माणसाला अडाणी म्हणत होते ती नोकरी त्यानं मला घेऊन दिली होती, आणि सगळ्या भावकीच्या कंपनीच्या मोबदल्यात. मला न विचारता. मला विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते, याचं उत्तर मी आजही स्वतःला देत नाही.

"तुझ्या चुलत्याला सांगू नगंस," आबा म्हणाले. "त्यानं माझ्याकडं बघून हात वर केलता."

मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर गेले, पगार घेते, दरवर्षी ईपीएस काढते. चुलते महिन्यातून एकदा बोकड घेऊन येतात. व्यापाऱ्यानं कमरेवर हात दाबला की माझ्या खिडकीकडे बघतात, मग पैसे घेऊन आत येतात आणि माझ्या टेबलासमोर टेकतात. मी चहा मागवते. निघताना ते दर वेळी म्हणतात, "तू आत हायस म्हनून आमाला धीर हाय, माय."